स्वसंरक्षणाचा हक्क आणि इंग्रजी कायदा

मी वकील नाही. युनियनच्या कामामुळे कोर्टाच्या बाकांवर बसावे लागले, आणि तेथे उठलेल्या शंका ग्रंथालयात फेडून घेतल्या, एवढेच माझे शिक्षण. आजचा प्रश्न साधा आहे. अंगावर कोणी चालून आला तर उलट हात उगारण्याची मुभा कायदा देतो काय? इंग्लंडचा कायदा म्हणतो, देतो; मात्र दोन कसोट्या लावून.

पहिली कसोटी : बळ वापरणे जरूर आहे असे त्या माणसाला प्रामाणिकपणे वाटले काय? दुसरी : त्याला भासलेली परिस्थिती खरी धरली, तर त्याने वापरलेले बळ वाजवी होते काय? पहिलीसाठी त्याच्या मनात डोकवावयाचे; दुसरीचा निवाडा ज्यूरीने स्वतःच्या बुद्धीने करावयाचा.

1983 साली निकाल लागलेला एक खटला पाहा. कामावरून बसने घरी चाललेल्या एकाने पाहिले की, रस्त्यात एक इसम एका पोराला मारीत आहे. तो उतरला, मध्ये पडला आणि त्याने त्या इसमाला ठोसा लगावला. वास्तविक त्या पोराने एका बाईची बॅग हिसकावली होती व तो इसम त्याला पकडून ठेवीत होता. मारणाऱ्याची समजूत चुकीची, पण प्रामाणिक असू शकेल, हे ज्यूरीला नीट समजावले गेले नव्हते. म्हणून अपील कोर्टाने त्याला दोषी ठरवणारा निकाल रद्द केला. दारूच्या नशेतल्या गैरसमजाला मात्र ही सवलत नाही.

संकटात सापडलेल्याला सोनाराच्या काट्यावर बळ तोलता येत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलने 1971 मध्ये मान्य केले. 2008 च्या कायद्यात ते तत्त्व लिहिलेही गेले. शिवाय, हा बचाव एकदा पुराव्यातून उभा राहिला की तो खोडून काढण्याचा भार सरकार पक्षावर.

पण एक कठोरपणा आहे. खुनाच्या खटल्यात बळ वाजवी ठरले तर पूर्ण सुटका. मर्यादेबाहेरचे ठरले तर हा बचाव कोसळतो, आणि खुनाला जन्मठेप ठरलेलीच. हाउस ऑफ लॉर्ड्सने 1995 मध्ये हेच कायम केले. आपल्या 1860 च्या दंडसंहितेने मात्र सद्भावनेने मर्यादा ओलांडणाऱ्यासाठी मधली, कमी दोषाची पायरी ठेवली. 2023 च्या न्याय संहितेतही ती टिकली आहे.

भ्यालेल्या माणसाची चूक आणि सूड घेणाऱ्याचे कृत्य यांत अंतर आहे. ते ओळखील तोच न्याय, असे मला वाटते.