पगारपत्रकाचें यंत्र : कॅनडा सरकारचा एक अनुभव

पगार कसा निघतो याचा विचार पगारदार मनुष्य सहसा करीत नाहीं. ठरल्या दिवशीं तो बँकेंत जमा होतो आणि वाणी, दूधवाला, घरमालक यांचे हिशेब चुकते होतात. कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारच्या नोकरांचेंहि असेंच चाललें होतें. सुमारें २,९०,००० नोकर, वर्षाकांठीं २,२०० कोटि डॉलरांच्या घरांतला पगार, आणि तो काढणारी चाळीस वर्षांची जुनी संगणक-पद्धति. ही पद्धति जीर्ण झाली म्हणून सन २००९ मध्यें नवी आणण्याचें ठरलें. नवीला पुढें ‘फीनिक्स’ हें नांव मिळालें. स्वतःच्या राखेंतून पुन्हां उठणाऱ्या पुराणांतल्या पक्ष्याचें हें नांव. सन २०१६ मध्यें ती सुरू झाली, आणि दुसऱ्या वर्षाच्या जूनपर्यंत दीड लाखाहून अधिक नोकर आपल्या पगाराचा हिशेब नीट होण्याची वाट पाहत बसले होते.

सरकारी कामांत संगणक आणणें म्हणजे एक यंत्र विकत घेणें, अशी समजूत पुष्कळांची असते. वस्तुतः यंत्र हा त्यांतला लहान भाग होय. पगाराचेंच पाहावें. वरिष्ठ रजेवर गेला म्हणून एखादा कारकून तीन आठवडे त्याच्या जागेवर काम करतो. तेवढ्या दिवसांचा त्याचा पगार वाढतो. परिचारिकेची पाळी बदलते, तुरुंगावरील पहारेकरी जादा तास भरतो, कोणी बाळंतपणाच्या रजेवर जाते. या प्रत्येकासाठीं निराळा नियम, आणि नोकरांच्या संघटनांशीं केलेल्या शंभराहून अधिक करारांमुळें त्या नियमालाहि फांट्यांवर फांटे. असे ८०,००० हून अधिक नियम कॅनडांत होते. ते कागदावर होते खरे. परंतु कोणता केव्हां व कसा लावावयाचा, हें ज्ञान मुख्यतः खात्याखात्यांत बसलेल्या पगार-कारकुनांच्या डोक्यांत होतें. असे कारकून ४६ खात्यांत मिळून सुमारें १,२०० होते.

सरकारनें एकाच वेळीं दोन बदल हातीं घेतले. नवी पद्धति आणणें हा एक. आणि हे विखुरलेले कारकून काढून सर्व काम मिरामिशी या एका लहान गांवीं नेणें हा दुसरा. गांवाची निवड कामाच्या सोयीनें झाली नव्हती. बंदुकांच्या नोंदणीचें सरकारी केंद्र तेथें होतें आणि तें बंद होऊन बेकार होणाऱ्यांना काम द्यावयाचें होतें. (ती नोंदणीहि संगणकावरचीच. सरकारच्या तिजोरीला तिचा निव्वळ भार २० लाख डॉलर पडेल असें आरंभीं सांगितलें होतें. खर्च १०० कोटींच्या वर जाईल असें सन २००२ मध्यें महालेखापालांनीं दाखवून दिलें.) मिरामिशीला १,२०० जणांचें काम ५५० जणांनीं करावयाचें होतें. पूर्वीं एक कारकून १८४ नोकरांचे कागद सांभाळी. आतां त्यानें ४०० सांभाळावे, अशी अपेक्षा होती. वर्षाला ७ कोटि डॉलर वांचणार, हा आंकडाहि ठरून गेला. जुन्या अनुभवी माणसांपैकीं बहुतेकांनीं बिऱ्हाड हलवून तेथें जाण्याचें नाकारलें, आणि पद्धति सुरू होण्यापूर्वींच तीं नोकरींतून गेलीं.

सन २०१२ मध्यें आणखी एक प्रसंग आला. पद्धति उभारण्याचें काम आय. बी. एम. या कंपनीकडे होतें. सर्व पाहणी केल्यावर तिनें सांगितलें कीं, या कामास २७ कोटि ४० लाख डॉलर लागतील. मंजुरी होती १५ कोटि ५० लाखांची. अधिक पैसा मागावा किंवा मुदत वाढवावी, हे मार्ग मोकळे होते. योजनेच्या अधिकाऱ्यांनीं तिसराच पत्करला : कामच कमी करावें. घर बांधतांना गवंड्यानें खर्च वाढेल म्हणून सांगावें आणि मालकानें म्हणावें, ‘मग जिना नको, वास्तुशांति मात्र ठरल्या मुहूर्तावरच,’ तशांतला हा प्रकार. पगाराच्या ९८४ क्रियांपैकीं शंभराहून अधिक गाळल्या किंवा पुढें ढकलल्या. त्यांत मागील तारखेपासून लागू होणाऱ्या वाढीचा हिशेबहि गेला. सरकारी नोकरींत करार नेहमींच उशिरां होतात व थकबाकी नेहमींच द्यावी लागते, हें कोणत्याहि पगार-कारकुनानें सांगितलें असतें. एका खात्यावर आधीं प्रयोग करून पाहण्याचें ठरलें होतें, तेंहि रद्द झालें.

हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं काय? आलें होतें. सन २०१६ च्या आरंभीं अनेक खात्यांनीं चिंता व्यक्त केली. गार्टनर या सल्लागार संस्थेनें फेब्रुवारींत धोका दाखविला, आणि जुनी पद्धति कांहीं काळ नव्या पद्धतीच्या जोडीला चालूं ठेवावी असें सुचविलें. परंतु हो-नाहीं ठरविणारी माणसें योजना चालविणारींच होतीं. त्या खात्याच्या सर्वोच्च सनदी अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याकडील सचिवाला, स्वतंत्र डोळ्यांनीं पाहून खरें सांगणारा कोणी नेमलेलाच नव्हता. सन २०१५ च्या अखेरीस मंत्रिमंडळ बदललें. योजना बदलली नाहीं. २४ फेब्रुवारी २०१६ ला ३४ खातीं नव्या पद्धतीवर आलीं. तक्रारींचा ढीग लगेच वाढूं लागला. तरी २१ एप्रिलला उरलेलीं ६७ खातीं आंत ढकललीं.

मग कोणाला कमी पगार मिळाला, कोणाला मुळींच नाहीं, कोणाला जास्त. जास्त मिळणें ही चैन नव्हती. वर्ष उलटल्यावर परतफेड करावयाची तर हातीं न पडलेला, कर म्हणून कापून गेलेला भागहि धरून पूर्ण रक्कम भरा, असा तेव्हांचा नियम होता. हातीं आलें तेवढेंच परत घेण्यासाठीं कायदा बदलण्याचें पाऊल सन २०१९ मध्यें पडलें. कित्येकांनीं तोंवर घरासाठीं काढलेल्या कर्जाचे हप्ते चुकविले होते.

याच्या उलट चाल पाहावयाची असेल तर आपल्या रेल्वेचें आरक्षण आठवावें. सन १९८५ मध्यें दिल्लीस प्रयोगादाखल तें संगणकावर आलें, मग मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद येथें गेलें. हीं पांच केंद्रें एकमेकांस जोडून होण्यास १९९९ उजाडलें. घरबसल्या तिकीट काढण्याची सोय २००२ मध्यें झाली. अधीर मनुष्य याला दिरंगाई म्हणेल. परंतु एका ठिकाणीं चुकलेलें दुसऱ्या ठिकाणीं जाण्यापूर्वीं दुरुस्त करण्यास वाव राहिला. तुलना फार ताणूं नये हें खरें. चुकलेलें आरक्षण एका प्रवासापुरतें असतें. चुकलेला पगार घरभाड्यापर्यंत पोहोंचतो. म्हणजे कॅनडांत सावधगिरी अधिकच हवी होती.

तेथें मागें फिरण्याचा मार्ग उरला नव्हता. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत गॅटिनो, विनिपेग, माँट्रिऑल, शाविनिगन येथें तात्पुरत्या कचेऱ्या उघडल्या आणि निवृत्त झालेल्या व कामावरून गेलेल्या पगार-कारकुनांना परत येण्याविषयीं विनंति केली. सन २०१८ च्या अहवालांत महालेखापाल मायकेल फर्ग्युसन यांनीं हें अपयश आकलनापलीकडचें आहे असा शेरा मारला, आणि त्याच वर्षाच्या अंदाजपत्रकांत फीनिक्सच्या जागीं दुसरी पद्धति शोधण्यासाठीं १ कोटि ६० लाख डॉलरांची तरतूद झाली.