दादाची जुनी 'स्पोर्ट्‌स बाइक' बघायला चला!

मुलांनो, दादाला शर्यतीच्या गाडीसारखी दिसणारी मोटारसायकल घ्यायचीय. नवी परवडत नाही, म्हणून तो जुनी बघायला निघालाय. तुम्हीही जा बरं का त्याच्याबरोबर! तुमचे डोळे तीक्ष्ण असतात.

2008 साली भारतात आलेली यामाहा आर-15 घ्या. अशा गाडीला पुढून आणि बाजूंनी प्लास्टिकचं कवच असतं. गाडी पडली, की कवच बदलायचं, झाली नव्यासारखी! म्हणून रंगाला भुलू नका, टोकं बघा. हँडलची, ब्रेकच्या दांडीची, फूटरेस्टची टोकं घासलीत का? पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर तेल ओघळलंय का? मागे उभं राहून बघा, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत ना? वाकलेली गाडी नेमकी वळणावर दगा देते, म्हणून मला ही तपासणी सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

टायरवर चार आकडे शोधा. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23व्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं.

बाबांना इंजिनाजवळ हात नेऊन बघायला सांगा. आधीच गरम? मग थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं का, ते कळणारच नाही. निळसर धूर आला, तर आत ऑइल जळतंय.

चालवून बघायचं काम मात्र लायसन्सवाल्या दादाचं, तेही हेल्मेट घालूनच.

शेवटी आरसी मागा. चासीवर ठोकलेला नंबर तुम्ही मोठ्यानं वाचा, बाबा आरसीत बघतील. एक अक्षर जरी चुकलं, तरी पैसे खिशातच ठेवून घरी या.