नावं अनेक, खिसा एक

पीककर्जासाठी चुडावा गावचा शेतकरी बँकेत जातो तेव्हा पिशवीत सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो असतात. कोऱ्या अर्जावर सही किंवा अंगठाही अनेकदा आधीच दिलेला असतो, बाकीचं भरून घेतलं जाईल या विश्वासावर. हा संच चुकीच्या हाती पडला तर शेतकऱ्याच्या नावावर दुसराच कुणी कर्ज उचलू शकतो.

आपल्याच परभणी जिल्ह्यात गंगाखेडला २०१७ साली असा गुन्हा नोंदला गेला. गंगाखेड शुगर अँड एनर्जी या खासगी साखर कारखान्याने शेतकऱ्यांच्या कागदपत्रांवर, त्यांच्या नकळत, बँकांकडून कर्जं उचलल्याचा आरोप झाला. न घेतलेल्या कर्जाच्या नोटिसा लोकांच्या हाती पडल्या होत्या. डिसेंबर २०२० मध्ये ईडीने या प्रकरणात सुमारे २५५ कोटी रुपयांच्या मालमत्तेवर टाच आणली. हे आरोप आहेत, न्यायालयाचा निकाल नव्हे. पण अशा प्रकरणात खरं-खोटं कसं शोधतात, हे शेतकऱ्यांनी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. त्या शास्त्राला फॉरेन्सिक अकाउंटिंग म्हणतात.

नेहमीचा ऑडिटर काही व्यवहार नमुन्याला घेतो आणि ताळेबंद एकूण बरोबर आहे का, ते सांगतो. फॉरेन्सिक तपासनीस संशयापासून सुरुवात करतो आणि कोर्टात टिकेल असा पुरावा गोळा करतो. बनावट कर्जांत त्याचा पहिला प्रश्न असतो, पैसा गेला कुठे? शंभर कर्जदारांची नावं वेगळी, गावं वेगळी. पण सगळ्यांचा मोबाइल नंबर एकच, रक्कम एकाच दिवशी जमा आणि संध्याकाळपर्यंत एकाच खात्यात वळती. हप्तेही एकाच ठिकाणाहून भरले जात असतील, तर कर्जदार शंभर नाहीत, एकच आहे. प्रत्येक फाइल सुटी पाहिली तर निर्दोष दिसते. सगळ्या एकत्र मांडल्या की लबाडी दिसते.

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत, म्हणजे पीएमसीत, उलटा प्रकार होता. तिथे माणसंच नव्हती. एचडीआयएल या बांधकाम कंपनीच्या समूहाची ४४ थकीत कर्जखाती लपवण्यासाठी २१,०४९ खोट्या कर्जखात्यांची यादी रचली गेली, असं तक्रारीत नोंदलं आहे. ही खाती रिझर्व्ह बँकेला दाखवायच्या यादीत होती, बँकेच्या संगणक प्रणालीत नव्हती. यादी आणि प्रणाली समोरासमोर ठेवून एक-एक खातं जुळवणं, इतकीच ती तपासणी. पण ती वेळेत झाली नाही. २३ सप्टेंबर २०१९ला निर्बंध लागले आणि सुरुवातीला खातेदारांना स्वतःच्या पैशातले फक्त हजार रुपये काढता येत होते. त्या रांगांत निवृत्तीचे पैसे ठेवलेली म्हातारी माणसं उभी होती, याचा राग अजूनही जात नाही.

आकडेसुद्धा साक्ष देतात. सायमन न्यूकम्ब या खगोलशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये पाहिलं की लॉगॅरिदमच्या पुस्तकांची सुरुवातीची, म्हणजे १ने सुरू होणाऱ्या आकड्यांची, पानं जास्त मळलेली असतात. १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्डने नद्यांच्या क्षेत्रफळांपासून लोकसंख्येपर्यंत हजारो आकडे तपासून तेच दाखवलं. अनेक पटींनी लहान-मोठे असणारे नैसर्गिक आकडे घेतले तर सुमारे ३०.१ टक्के आकडे १ने सुरू होतात आणि ९ने फक्त ४.६ टक्के. मनाने रकमा लिहिणाऱ्याला हे प्रमाण सहसा साधत नाही. त्याचे आकडे ५, ६, ७ने नको तितके सुरू होतात, किंवा मंजुरीच्या मर्यादेच्या जरा खाली गर्दी करतात.

मात्र ही कसोटी सगळीकडे लावता येत नाही. पीककर्ज हेक्टरी ठरलेल्या दराने मिळतं, त्यामुळे त्या रकमा मुळातच बांधलेल्या असतात. तिथे बेनफर्डचा नियम लावला तर प्रामाणिक शाखाही संशयित ठरेल. कारखान्याच्या वाहतूक बिलांवर, किरकोळ खर्चाच्या व्हाउचरवर तो चालतो. आणि त्यातूनही फक्त कुठे पाहायचं ते कळतं. चोरी सिद्ध होत नाही.

सिद्ध होते ती जमिनीवरच्या पडताळणीने. ऊस वाहतुकीचं बिल असेल तर वजनकाट्याची पावती हवी, गाडीचा नंबर हवा आणि तो नंबर आरटीओत खरोखर ट्रकचा किंवा ट्रॅक्टरचा निघायला हवा. बिहारच्या चारा घोटाळ्यात जनावरं वाहून नेल्याच्या बिलांवरचे नंबर तपासले तेव्हा काही स्कूटरचे निघाले होते.

ही हत्यारं तपास यंत्रणांची. एक मात्र चुडाव्यातल्या कुणाच्याही हातात आहे. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोने वर्षातून एकदा आपल्याला आपला पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपल्या नावावर कोणत्या बँकेत, कधी, किती कर्ज उचललं गेलं, ते त्यात दिसतं. अनोळखी कर्ज दिसलं तर बँक आणि ब्युरो दोघांकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर एप्रिल २०२४ पासूनच्या नियमानुसार पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.