बोटीच्या पोटात डिझेलच बरं

हौसेची बोट घेताना पेट्रोल की डिझेल, हे बहुतेक जण मायलेजवर ठरवतात. खरा निकष वाफेचा आहे. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते. हवेपेक्षा जड असल्याने ती बोटीच्या तळाशी साचते, म्हणूनच बंदिस्त इंजिन सुरू करण्याआधी किमान ४ मिनिटं ब्लोअर चालवावा लागतो. डिझेलला पेटण्याजोगी वाफ सोडायला ५० अंशांहून अधिक तापमान लागतं. डिझेल इंजिन जड आणि महाग असतं, हा आक्षेप रास्त आहे. वर्षातून मोजकेच तास फिरणाऱ्याचा तो खर्च इंधनबचतीतून वसूल होणंही कठीण. अशांनी छोट्या बोटीला मागे, उघड्यावर बसणारं पेट्रोलचं आउटबोर्ड जरूर लावावं. पण इंजिन बोटीच्या पोटात बसणार असेल, तर डिझेलचे जादा पैसे जिवाच्या सुरक्षेसाठी मोजावेतच.