कॉफीच्या यंत्रांतील दाब

जालना शहरांत किंवा जिल्ह्यांत एखादा थाटाचा लग्नसमारंभ असला म्हणजे मांडवाच्या एका कडेस चकचकीत टाकीचें एक यंत्र मांडलेलें दिसतें. त्याच्या नळींतून फुसकारत वाफ बाहेर पडते, दुधाला फेस चढतो, वर कोकोची पूड भुरभुरली जाते, आणि पाहुण्यांच्या हातीं ‘एक्स्प्रेसो’ कॉफीचा पेला येतो. वाफेचा तो आवाज ऐकून कॉफीवर मोठा दाब दिला गेला असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः येथें दाबाचा संबंध केवळ दुधाशीं असतो. विरघळणारी तयार कॉफी आधींच पेल्यांत घोटलेली असते. वाफ फक्त दूध तापविते व त्यांत हवा मिसळते. इटलींत ज्या पेयाला एस्प्रेसो म्हणतात, त्यांत दाबाचें कार्य अगदीं निराळें आहे. तेथें गरम पाणी दळलेल्या कॉफीच्या घट्ट थरांतून जोरानें ढकललें जातें, आणि अर्ध्या मिनिटांत दोन-तीन घोट दाट अर्क खालीं उतरतो.

असें खरें एस्प्रेसो यंत्र आतां शहरांतील घरांतही येऊं लागलें आहे. तें घेतांना पुष्कळ कुटुंबें खोक्यावरील ‘१५ बार’ हा आंकडा पाहून निर्धास्त होतात, आणि घरीं पाणचट कॉफी मिळाली म्हणजे दोष कॉफीच्या बियांना देतात. दाब पंपांत तयार असतो व कळ दाबतांच तो कॉफीवर येऊन पडतो, ही समजूत ह्या निराशेच्या मुळाशीं आहे. ती समजूत कां चुकीची आहे, हें पाहण्यासाठीं प्रथम दाबाचें माप समजून घेणें इष्ट होईल.

दाब म्हणजे ठराविक क्षेत्रावर पडणारा भार. जालन्यास त्याचें जुनें उदाहरण आहे. कुंडलिका नदीच्या कांठीं वसलेल्या ह्या गांवीं जमशेदखानानें मोती तलाव बांधविला, आणि जमिनीखालच्या नळांनीं त्याचें पाणी वस्तींतील हौदांत आणलें; काळ्या मशिदीजवळच्या सराईंतील हौद त्यांत प्रमुख होता. पुढें निजामाच्या अमदानींत घाणेवाडीचा तलाव झाला, त्याचेंही पाणी उताराच्या बळावर शहराकडे येई. तलावाच्या व हौदाच्या पातळींतील फरक हाच तेथें दाबाचा उगम होता. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ आपल्या तळाशीं सुमारें १ बार दाब देतो; म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ १ किलोग्रॅम भार टाकतो. एस्प्रेसोसाठीं सामान्यतः ९ बार दाब वापरतात. तो केवळ उंचीनें मिळवावयाचा तर पाण्याची टाकी ९० मीटर उंच, म्हणजे सुमारें तीस मजली इमारतीच्या माथ्यावर, ठेवावी लागेल.

उंचीच्या ऐवजीं उष्णतेनेंही दाब मिळतो, हें प्रत्येक गृहिणीस प्रेशर कुकरमुळें ठाऊक आहे. बंद भांड्यांत वाफ कोंडली कीं पाण्याचा उत्कलनबिंदु चढतो. बाहेरच्या हवेपेक्षां १ बार अधिक दाब झाला म्हणजे पाणी सुमारें १२० अंश सेल्सियसला उकळतें. कॉफीचीं आरंभींचीं यंत्रें ह्याच तत्त्वावर चालत. तुरिन येथील आंजेलो मोरिओंदो यानें सन १८८४ मध्यें अशा यंत्राचें पेटंट घेतलें, आणि मिलानच्या लुइजी बेझेरा यानें १९०१ मध्यें एकेका पेल्यापुरती कॉफी करून देणारें यंत्र काढलें. परंतु वाफेच्या ह्या यंत्रांचा दाब दीड बारच्या आसपासच राही. तो वाढवावयाचा तर पाणी अधिक तापवावें लागे, आणि अधिक तापलेल्या पाण्यानें कॉफी करपट व कडू होई. चांगल्या अर्कास ९० ते ९६ अंशांचें पाणी लागतें. उलट वाफेच्या बळावर ९ बार दाब हवा असेल तर टाकींतील पाणी १८० अंशांपर्यंत न्यावें लागतें. दाब पाहिजे, पण त्याबरोबर येणारी उष्णता नको, असा हा पेच होता.

तो पेच मिलानच्याच आकिल्ले गाज्जा यानें सोडविला. दाब व उष्णता हीं दोन कामें त्यानें एकमेकांपासून तोडलीं. १९४७-४८ च्या सुमारास त्याचीं जीं यंत्रें पुढें आलीं, त्यांत दांडा खालीं ओढला कीं स्प्रिंग दाबली जाई, आणि दांडा सोडतांच ती स्प्रिंग दट्ट्याच्या द्वारें पाणी कॉफींतून ढकली. पाणी बेताचें गरम राही. जोर स्प्रिंगचा असे. कॉफीवर जो पिंगट, दाट साय-फेस दिसतो, तो ह्या यंत्रापासून एस्प्रेसोची खूण होऊन बसला. १९६१ मध्यें फाएमा कंपनीच्या यंत्रांत दट्ट्याच्या जागीं विजेचा पंप आला. आजचीं यंत्रें बहुतेक ह्याच वळणाचीं आहेत.

येथें मूळ प्रश्न पुन्हां पुढें येतो. गाळणींत कॉफी न भरतां पंप सुरू केला, तर पाणी सरळ वाहून जातें आणि दाबाचा काटा शून्याच्या आसपासच राहतो. पंप तोच, वीज तीच; तरी दाब नाहीं. कारण पंप वस्तुतः पाणी पुढें सारतो. पुढें सारलेल्या पाण्याला वाट अरुंद मिळाली, म्हणजे मागें दाब चढतो. बागेंत झाडांना पाणी घालणारा माणूस रबरी नळीचें तोंड अंगठ्यानें दाबतो, तेव्हां हेंच घडतें. एस्प्रेसोच्या यंत्रांत अंगठ्याचें काम दळलेली कॉफी करते.

सच्छिद्र थरांतून पाणी किती वाहील, याचा नियम फ्रान्समधील दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभियंता आंरी दार्सी यानें वाळूवरील प्रयोगांवरून १८५६ मध्यें मांडला. थराच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. थर जितका जाड, तितका प्रवाह कमी. यांत कणांच्या आकाराचा प्रभाव सर्वांत मोठा आहे. इतर सर्व तसेंच ठेवून कणांचा व्यास निम्मा केला, तर पाण्याची वाट सुमारें चौपट बिकट होते. म्हणूनच दळणाच्या चक्कीचा एखादा अंश इकडचा तिकडे झाला कीं कॉफी एकतर भरभर गळते, नाहींतर थेंबथेंब ठिबकूं लागते.

एक पेला तयार होतांना काय घडतें, तें क्रमानें असें सांगतां येईल. ५८ मिलिमीटर व्यासाच्या गाळणींत सुमारें १८ ग्रॅम पूड भरून ती दाबली, म्हणजे तिची दीड-दोन सेंटीमीटर जाडीची चकती होते. पंप सुरू होतांच पाणी प्रथम चकतीवरील मोकळी जागा भरतें. त्या क्षणांत दाब जवळजवळ नसतो. मग पाणी कोरड्या पुडींत मुरतें. कण भिजून फुगतात, भाजलेल्या कॉफींत अडकलेला कर्बद्विप्राणिद वायु बाहेर पडतो, कणांमधील वाटा आकुंचित होतात, आणि कांहीं सेकंदांत काटा ९ वर चढतो. ह्या वेळीं चकतीच्या माथ्यावर एकंदर २४० किलोग्रॅमच्या आसपास भार असतो. चकतीच्या बुडाशीं मात्र बाहेरच्या हवेखेरीज दाब नसतो, कारण तेथें गाळणी उघडी आहे. सगळा दाब त्या दीड-दोन सेंटीमीटरांच्या प्रवासांत खर्ची पडतो. जसजसा कॉफीचा विद्राव्य भाग निघून जातो, तसतशी वाट थोडी मोकळी होते आणि धार वेग घेते. पंचवीस-तीस सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास अर्क उतरला, म्हणजे दळण व दाब यांचा मेळ बसला असें सामान्यतः समजतात.

ह्या व्यवस्थेंत एक वैगुण्य आहे, आणि तें समजण्यास मराठवाड्याची काळी माती उपयोगी पडते. उन्हाळ्यांत कपाशीच्या रानाला हातभर खोल भेगा पडतात. पहिल्या पावसाचें पाणी त्या भेगांतून झरझर खालीं जातें. दोन भेगांमधलें ढेकूळ मात्र कोरडेंच राहतें. कॉफीची पूड गाळणींत सारखी पसरली नसेल, तर चकतींतही अशीच एखादी भेग पडते. पाणी सोपी वाट धरून तिच्यांतूनच धांवतें. तेथील कॉफी अति धुतली जाऊन कडू होते, शेजारची न भिजल्यासारखी राहून आंबट लागते. त्याच वेळीं दाबाचा काटा एकाएकीं खालीं येतो.

आतां खोक्यावरील आंकड्याचा उलगडा होतो. ‘१५ बार’ म्हणजे पंपाची पुढची वाट पूर्ण बंद केली असतां तो जास्तींत जास्त किती दाब देऊं शकेल, त्याची मर्यादा. कॉफीवर प्रत्यक्ष किती दाब येतो, हें दळण, मात्रा व यंत्रांतील दाब सोडणारी झडप यांवर ठरतें. कांहीं स्वस्त यंत्रांच्या गाळणीला दुहेरी तळ असून बाहेरच्या तळाला सुईएवढें एकच भोक असतें. तेथें दाब कॉफींत निर्माण होत नाहीं, भोकाशीं होतो. पूड जाडीभरडी असली तरी काटा वर चढतो, फेसही दिसतो. चव मात्र त्या मानानें उतरत नाहीं.

काट्यावरचा आंकडा व प्रत्यक्ष वाहणारें पाणी यांतील हा भेद जालना जिल्ह्यांतील शेतकऱ्यास चांगला ठाऊक आहे. येथील मोसंबीला २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. कडवंचीसारख्या गांवांनीं शेततळ्यांच्या व ठिबकच्या आधारानें द्राक्षें पिकविलीं. ठिबकच्या संचांत विहिरीचें पाणी वाळूच्या गाळणींतून जातें. त्या गाळणीच्या अलीकडे एक व पलीकडे एक असे दाब पाहण्याचे दोन काटे बसवितात. गाळ सांचूं लागला कीं अलीकडचा काटा चढतो आणि पलीकडचा उतरतो. जो एकाच काट्याकडे पाहील, त्याला पंप उत्तम चालला आहे असें वाटेल, आणि शेवटच्या ओळींतील झाडें तहानलेलीं राहतील. दोन्ही काट्यांतला फरक वाढतांच पाणी उलटें फिरवून वाळू धुवावी लागते. २०१२-१३ च्या दुष्काळांत ह्या जिल्ह्यांतील मोसंबीच्या कितीएक बागा वाळल्या. वर्षानुवर्षें वाढविलेलें झाड एका उन्हाळ्यांत जातें, तेथें पाण्याचा प्रत्येक थेंब मुळापर्यंत पोंचतो कीं वाटेंत अडतो, हा प्रश्न संसाराचा होतो.

घरांतील कॉफीच्या यंत्रापुढें एवढें मोठें संकट नसतें. परंतु नियम तोच लागू पडतो. यंत्र घेणाऱ्यानें आंकड्यापेक्षां दळण बारीक-जाड करण्याची सोय आधीं पाहावी. कॉफी करतांना पूड तोलून घ्यावी, ती सारखी पसरावी, आणि किती सेकंदांत किती अर्क उतरला हें घड्याळावर व काट्यावर पाहावें. अर्क लवकर उतरला तर दळण बारीक करावें, अडखळला तर जाड करावें. आणि धार अडकून बसली असेल, तर गाळणीचा दांडा लगेच फिरवूं नये. आंत कोंडलेला दाब गरम पाण्यासकट हातावर येतो. कुकरची वाफ जिरेपर्यंत गृहिणी झांकण उघडीत नाहीं. तितकाच धीर येथेंही धरावा.