खटका आधी की उजेड आधी?

या आठवड्यात १८६५० सेलबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतोय. जुन्नरकडून चार ओळींचं पत्र आलं आणि तेव्हापासून मी घरातले दिवे घालवून, हातात टॉर्च धरून नुसता अंगठा हलवत फिरतोय. बायकोने आता कारण विचारणंही सोडलंय.

हे वाचक रात्री उसाला दारं धरायला जातात. शेतीची लाइट रात्रीच्या पाळीची, त्याला इलाज नाही. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी. (टॉर्चला बॅटरी आणि बॅटरीला सेल म्हणायची आपली रीत मला मनापासून आवडते.) उसात काही खसफसलं की ते बॅटरी लावतात. ती कधी मंद लागते, तर कधी लुकलुक सुरू करते. ‘बिबट्याला डिस्को दाखवायचा का?’ असा त्यांचा सवाल आहे.

बॅटरी बिघडलेली नाही. तिचा खटकाच त्या जातीचा आहे. बुडाशी रबरी बटण असलेल्या बहुतेक स्वस्त टॉर्चना रिव्हर्स क्लिकी असते. बटण पुरतं दाबायचं, ‘टक्’ व्हायचं, आणि बोट सैल सोडलं की उजेड पडतो. लागलेल्या टॉर्चचं बटण अर्धवट दाबलं तर वीज क्षणभर तुटते. आतलं सर्किट त्याचा अर्थ ‘पुढची पायरी’ असा घेतं: तेज, मध्यम, मंद, लुकलुक. पुष्कळ टॉर्च तर विझवून लगेच लावल्या तरी हीच मोजणी पुढे चालू ठेवतात. बांधावरून चालताना माणूस लावतो, विझवतो, पुन्हा लावतो. चौथ्या खेपेला डिस्को ठरलेला.

फॉरवर्ड क्लिकीत क्रम उलटा. बोटाचा भार पडताच उजेड, बोट उचललं की अंधार. उजेड कायम हवा असेल तर आणखी दाबून ‘टक्’ करायचं. म्हणजे उजेड आधी, खटका मागून. घाबरलेल्या अंगठ्याला एवढंच जमतं, आणि एवढंच पुरतं.

खरं तर टॉर्चचा हा मूळ स्वभाव. डेव्हिड मायसेल यांना १८९९ मध्ये अमेरिकेत नळीच्या आकाराच्या टॉर्चचं पेटंट मिळालं, तेव्हा सेल दुबळे आणि दिवा कार्बनच्या तंतूचा. उजेड फार वेळ टिकायचा नाही, म्हणून क्षणभर लावून विझवायचा. इंग्रजीतलं ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्या लखकन चमकण्यावरूनच आलं. माझ्या आजोबांच्या दोन सेलच्या पितळी बॅटरीला सरकता खटका होता आणि त्यावरच एक बारीक बटण. सरकवलं की कायम उजेड, बटण दाबलं तर दाबेपर्यंत. दोन्ही सोयी एकाच अंगठ्याखाली, आणि त्या पट्टीची लांबट कड अंधारातही चटकन हाताला लागे. पुढे कारखानदारांना हे जड का झालं, देव जाणे.

आता पकड. बुडाशी बटण असलेली टॅक्टिकल टॉर्च ही एका हातात पिस्तूल धरणाऱ्या पोलिसाची वस्तू. दुसऱ्या हाताच्या मुठीत टॉर्च, अंगठा बुडावर, मूठ खांद्यापाशी. पिस्तुलाच्या जागी खोरं धरून पाहा. क्षणभर उसात झोत टाकायला ही पकड नामी आहे. पण तासभर बांधावरून चालताना हात आपोआप खाली येतो, आणि मग बुडावरच्या बटणाला अंगठा पोचत नाही. तिथे अंगावरचं बटण, म्हणजे साइड स्विच, सोयीचं पडतं. शिवाय उजेड जितका खालून, तितक्या सावल्या लांब. चाकोरीतला खड्डा आणि वेटोळं घातलेला साप सावलीनेच आधी कळतो. कपाळावरच्या दिव्याची शिफारस मी याच कारणाने केलेली नाही.

साइड स्विचची खोड अशी की गोल नळीवर तो अंधारात सापडत नाही. मी खिशाची क्लिप फिरवून बटणाच्या बरोबर समोर आणतो. तर्जनीला क्लिप लागली की अंगठा बटणावर असतोच. दुसरी खोड महागात पडते. एकदा तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर चढताना माझ्या सॅकमध्ये असं एक बटण आपसूक दाबलं गेलं. वर पोचलो तेव्हा टॉर्च चटका बसेल इतकी तापलेली आणि सेल रिकामा. तेव्हापासून सॅकमध्ये टाकण्यापूर्वी बुडाचं झाकण पाव फेरा सैल करतो. आटे ॲनोडाइझ केलेले असतील तर तेवढ्याने वीज तुटते; नसतील तर सेल काढूनच ठेवावा.

तर जुन्नरकरांनी बुडाशी फॉरवर्ड क्लिकी आणि पायऱ्या बदलायला अंगावर वेगळं बटण, अशी टॉर्च बघावी. बुडाचं बटण बाहेर आलेलं असेल तर ती मोटरच्या पेटीवर उभी राहणार नाही, हे मात्र चालवून घ्यावं लागेल. दुकानात हात ओला करून, डोळे मिटून, डाव्या हाताने लावून बघा. दुकानदार हसेल, हसू दे.

नवी येईपर्यंत आहे ती बॅटरी विझवल्यावर दोन-तीन सेकंद थांबून लावा. बऱ्याच टॉर्च तेवढ्या वेळात मोजणी विसरतात आणि पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. तुमची विसरते का, ते कळवा. सेलचं पुढच्या आठवड्यात. तोवर जुन्या लॅपटॉपमधून उपटलेले सेल कुणी टॉर्चमध्ये घालू नयेत.