प्रशिक्षणानंतरचा सोमवार

जळगावात मेहरूण तलावाजवळ एमआयडीसी आहे. पीव्हीसी पाइप, प्लास्टिकच्या चटया आणि डाळी हा इथला नावाजलेला माल. एखाद्या कारखान्यात प्रशिक्षण ठेवलं की थाट सगळीकडचाच: हॉल, प्रोजेक्टर, चहा-नाश्ता, प्रमाणपत्रं आणि शेवटी ग्रुप फोटो. सोमवारी माणसं मशीनवर येतात आणि मागचंच काम मागच्याच पद्धतीने करतात. मग खापर कामगारांवर फुटतं, 'यांना कितीही शिकवा!' माझ्या मते चूक आधीच झालेली असते. काम कुठे बिघडतंय हे न पाहताच विषय ठरवलेला असतो, आणि शिकलेलं वापरलं जातंय का हे बघायला नंतर कुणी फिरकत नाही.

पाइपचंच घ्या. पीव्हीसीला जास्त वेळ उष्णता सोसत नाही. चालू मशीनची वीज गेली की बॅरलमधला माल जागीच तापत राहतो, आधी पिवळा, मग तपकिरी पडतो. वीज आल्यावर बॅरल रिकामं न करता मशीन रेटलं तर पाइपावर डाग उमटतात आणि डाय खोलून साफ करण्यात शिफ्ट जाते. अशा वेळी आधी काय करायचं हे स्लाइडवर पाहून हातात बसत नाही. मशीनसमोर दाखवावं लागतं, कामगाराकडून करून घ्यावं लागतं आणि पुढच्या वेळी वीज जाईल तेव्हा सुपरवायझरने शेजारी थांबावं लागतं.

याला पुरावाही आहे. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००८ पासून तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड गिरण्यांत प्रयोग केला. सल्लागार काही महिने गिरणीतच ठाण मांडून होते: कापडातल्या दोषांची नोंद ठेवा, सूत नीट लावा, मशीन बंद पडायच्या आत तपासा. यात पांडित्य काहीच नव्हतं. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्के वाढली. काही वर्षांनी तेच संशोधक परत गेले, तेव्हा सुरू करून दिलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. मॅनेजर बदलले होते, मालकांना वेळ नव्हता. तरी ज्या गिरण्यांना हे साहाय्य मिळालं नव्हतं, त्यांच्यापेक्षा या पुढेच होत्या.

छोट्या मालकाची शंका रास्त आहे: शिकवून तयार केलेला माणूस उद्या शेजारच्या कारखान्यात गेला तर? बेंगळुरूच्या शाही एक्सपोर्ट्स या तयार कपड्यांच्या कंपनीत शिलाईकाम करणाऱ्या महिलांना संवाद, वेळेचं नियोजन अशा गोष्टी शिकवून त्याचा हिशेब एका अभ्यासात मांडला गेला. कपड्यांच्या कारखान्यांत माणसं सतत बदलतात. तरीही प्रशिक्षण संपल्यावर आठ महिन्यांत कंपनीला खर्चाच्या अडीचपट निव्वळ परतावा मिळाला. म्हणजे माणूस जाण्याआधीच खर्च भरून निघू शकतो.

याच अभ्यासातला दुसरा आकडा मालक सहसा सांगत नाहीत. त्या महिलांची उत्पादकता साडेतेरा टक्के वाढली, पगार जेमतेम अर्धा टक्का. अशाने कामगार पुढच्या वर्गाला उत्साहाने का बसेल? शिकल्यावर ग्रेड वाढणार की नाही, किती आणि कधीपासून, हे वर्गाआधीच नोटीस बोर्डावर लागलं, तर 'यांना कितीही शिकवा' म्हणायची वेळ कमी येईल.